व्हॅनच्या स्क्रीनवर ऊन येतंय, काळी फिल्म मारू का?

सांगलीकर: संध्याकाळी सांगलीहून मिरजेला निघालं की ऊन मागच्या काचेतनं थेट डॅशबोर्डच्या स्क्रीनवर पडतं, मॅप दिसतच नाय आणि मागं पोरं पण भाजून निघत्यात. काळी फिल्म मारू का?

व्हॅनवाला: काळी नको भावा, 2012 ला सुप्रीम कोर्टानंच बंद केलीय. नियमानं पुढच्या-मागच्या काचेतनं 70 टक्के, बाजूच्या काचेतनं 50 टक्के उजेड आरपार जायलाच पाहिजे.

माणदेशी: स्क्रीनला मॅट गार्ड लाव, त्यानं उजेड पसरतो आणि चमक तुटते, अक्षरं जरा धूसर दिसत्यात पण मॅप वाचता येतो. पोलराइज्ड गॉगल घालत असशील तर काढून बघ, काही स्क्रीन त्यातनं काळ्याच दिसत्यात.

सांगलीकर: गॉगल तसलाच आहे! उद्याच बघतो.