कारभार शाळेकडे: बाजाराची टूम की पालकांचा रेटा?

'शाळेचा कारभार शाळेकडेच' ही निव्वळ बाजारवादी टूम आहे, असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. शाळांच्या हाती खर्चाचा कारभार देणाऱ्या इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्याबद्दल ठीक आहे; तिथे निधी पटसंख्येवर ठरायचा, म्हणजे मुलं खेचायची चढाओढ लागणारच. पण अमेरिकेतल्या शिकागोत असाच कायदा त्याच वर्षीचा असूनही रेटा होता पालकांचा आणि वस्त्यांमधल्या संघटनांचा. आदल्या वर्षी शिक्षकांचा लांबलचक संप झाला होता, त्याचा राग ताजा होता. प्रत्येक शाळेला परिषद मिळाली: सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक निवडायचा आणि चार वर्षांनी त्याचा करार वाढवायचा की नाही, हेही परिषदच ठरवणार. बहुमत पालकांचं! आपल्याच नेमणुकीचा फैसला पालकांच्या हाती म्हटल्यावर मुख्याध्यापकांची झोप उडाली असेल.

चर्चेत फ्रेडरिक टेलरचाही उल्लेख आलाय, म्हणजे कारखान्यातलं काम मोजून-मापून कार्यक्षम करायला सांगणारा अमेरिकी अभियंता. त्याला पुस्ती: हाच हिशेब शाळांनाही लावला गेला. त्याचं पुस्तक १९११ चं. दोनच वर्षांत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावचे शिक्षणप्रमुख फ्रँक स्पॉल्डिंग खर्चाची वही उघडून सांगत होते की ग्रीकचे ५.९ पाठ आणि फ्रेंचचे २३.८ पाठ यांचं मोल सारखंच. का, तर दोन्हींना पैसे सारखेच पडतात! मूल काय शिकलं हा रकाना त्या हिशेबात नव्हताच. पुढे १९७६ मध्ये संस्थांचा अभ्यासक कार्ल वाइकने शाळांना 'सैल जोडणीच्या' संस्था म्हटलं: वरून परिपत्रक निघतं, वर्गात मात्र शिक्षक आपल्याच पद्धतीने शिकवत राहतो.