मदत हवी आहे : बाबांचा उठताना तोल जातो

नमस्कार मंडळी. बाबांचं वय ७८, मुक्काम सांगली. रात्री लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या महिन्यात बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले. हाडं शाबूत राहिली, पण कपाळाला टाके पडले.

बीपीची गोळी चालू आहे, शिवाय प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं केल्यावर असं दोनदा बीपी मोजलं : वरचा आकडा १४२ वरून थेट ११६! उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत तो २० किंवा जास्त घसरला, तर चक्कर त्यामुळेच येत असू शकते. गोळ्यांचं डॉक्टर बघताहेत, तेव्हा औषधं कृपया सुचवू नका.

टाइल्सना तडा न जाता आधाराचा दांडा कोणी बसवून घेतलाय का? सक्शनवाल्यावर माझा विश्वास नाही. सांगली-मिरजेत घरी येऊन तोल सांभाळण्याचे व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का?

आणि खरी अडचण म्हणजे, काठीचं नाव काढलं की बाबा भडकतात. "मी काय म्हातारा झालोय?" पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवायलाही तयार नाहीत. आईने तर हात टेकलेत. तुमच्याकडच्या हट्टी मंडळींना कसं पटवलंत?