डॉक्सिजनमध्ये फंक्शनं दिसतच नाहीत

प्रश्न:
अंबड एमआयडीसीत द्राक्षांच्या शीतगृहाच्या कंट्रोलरचा सी कोड सांभाळतो. आधीचा गडी पुण्याला गेला, मागे 40 फायली ठेवून. कॉमेंटी मात्र भरपूर, त्याही मराठीत ("इथे हात लावू नये" अशासुद्धा!). डॉक्सिजन (कोडमधल्या कॉमेंटींवरून माहितीची पानं बनवणारं टूल) चालवलं, तर स्ट्रक्चर आली, फंक्शन एकही नाही. अख्खा शनिवार गेला, मिसळ थंड झाली ती वेगळीच. काय चुकतंय?

उत्तर १:
कॉमेंट स्लॅशनंतर दोन चांदण्यांनी (/**) सुरू होते ना? एकीवाली डॉक्सिजनच्या लेखी साधी कॉमेंट.

प्रश्नकर्ता:
दोनच आहेत, दादा. तपासलं.

उत्तर २:
मग फाइलचीच ओळख राहिलीय. सीमधली फंक्शनं कुठल्या क्लासमध्ये नसतात, म्हणून ती ज्या फाइलीत आहेत तिच्या डोक्यावर ॲट-फाइलवाली (@file) कॉमेंट लागते. आणि स्टॅटिक (त्याच फाइलीपुरती) फंक्शनं हवी असतील तर डॉक्सीफाइलमध्ये, म्हणजे डॉक्सिजनच्या सेटिंगच्या फाइलीत, एक्स्ट्रॅक्ट_स्टॅटिक येस करा. एक्स्ट्रॅक्ट_ऑल येस केलंत तर सगळंच दिसेल, पण कॉमेंट कशाला नाही त्याच्या वॉर्निंगही बंद होतात. मी तरी ते टाळतो.

प्रश्नकर्ता:
ॲट-फाइल टाकलं, आली! "हात लावू नये" आता टेंपरेचरच्या फंक्शनखाली ठळक छापून येतंय. साहेबांना दाखवायच्या आधी ते काढतो.