इस्त्री पोर्तुगीज की आपली?

गोदाकाठचा: कॉलेज रोडला एका लाँड्रीच्या पाटीवर ‘येथे कडक स्त्री करून मिळेल’ असं लिहिलंय. हसून झालं, पण घरात वाद पेटला. माझ्या मते शब्द पोर्तुगीज. ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणं, ओढून सरळ करणं. पगार, चावी, पाव, लिलाव ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही. सुरुवातीचा ‘इ’ मूळचाच. तो अशुद्ध समजून खाल्ला की अशी पाटी होते.

मेनरोडकर: पटत नाही. पोर्तुगीज माणूस इस्त्रीला ‘फेर्रु’ म्हणतो, म्हणजे सरळ लोखंड. संस्कृतात ‘स्तृ’ म्हणजे पसरणं. स्तर, विस्तार त्यातलेच. आणि ‘इ’चं म्हणाल तर इस्टेशन, इस्टूल म्हणायला कोणत्या पोर्तुगिजाने शिकवलं?

गोदाकाठचा: इस्टूल मान्य. पण तमिळ-मल्याळममध्येही ‘इस्तिरी’च आहे, आणि मलबार किनाऱ्यावर हे लोक १४९८ सालीच उतरले.

मेनरोडकर: संस्कृत शब्दही त्या भाषांत ढिगाने आहेत की. त्याने काय सिद्ध झालं?

नाशिकरोडची: तुमचं चालू द्या. आमच्याकडे पोरं हल्ली ‘शर्ट प्रेसला टाक’ म्हणतात. अहो, नाशिकरोडला प्रेस म्हणजे नोटांची, १९२८ पासूनची! ‘बाबा प्रेसमध्ये आहेत’ याचा अर्थ इथे एकच. त्यामुळे शब्द कुणाचाही असो, कपड्यांना इस्त्रीच म्हणा. आणि ‘परीटघडी’ कुणाला आठवते का? असा नेमका शब्द आपण उगाच कपाटात टाकलाय.

येवल्याचा विणकर: इस्त्रीआधी कापडाला तकाकी आणायला ते लाकडी मोगरीने कुटत, त्याला कुंदी म्हणत. घरी फार तर तांब्यात निखारे घालून कपड्यावर फिरवायचे. म्हणजे कामाला शब्द होते, साधनं होती. कोळशाची दांडीवाली इस्त्री मागाहून आली. नवी वस्तू आली तिच्यासोबत नाव आलं, एवढं साधं आहे.

मेनरोडकर: मग ‘फेर्रु’ का नाही आलं? वस्तूचं नाव तिकडेच ठेवून आपण ताणण्याचं क्रियापद उचललं, हे विचित्र नाही वाटत?

गोदाकाठचा: नाही वाटत. परटाच्या कानावर साहेबाचा हुकूम पडणार, आणि हुकुमात क्रियापदच असतं.

मेनरोडकर: कथा झकास. पुरावा?