रस उकळतोच ना, मग भांडी कशाला घासायची? (लांबलेलं उत्तर)

पानगळ

'घरचं मेपल सिरप, झटपट' या धाग्यावर वामनरावांनी छातीठोकपणे लिहिलंय: "रस तासन्‌तास उकळतो, सगळे जंतू मरतात. बादल्या-नळ्या पाण्याने विसळल्या की झालं. निर्जंतुक करा वगैरे हे सामान विकणाऱ्यांचं फॅड आहे." त्यावर वाहवाचा पाऊस. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक.)

उकळल्यावर जंतू मरतात, कबूल. पण मरण्याआधी त्यांनी रसाचं जे केलं ते उकळून परत येत नाही. रसात साधारण २ टक्के साखर असते आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज. अस्वच्छ बादलीतले जिवाणू आणि यीस्ट तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करून टाकतात. ही फुटलेली साखर पॅनमध्ये फार लवकर काळवंडते. हंगामाच्या सुरुवातीच्या रसाचंही सिरप काळपट निघालं, की लोक झाडाला नाहीतर थर्मामीटरला दोष देतात. बादलीच्या तळाला बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. जंतू तिथे घर करून बसलेत आणि नुसत्या विसळण्याने ते हलत नाहीत.

दुसरं, सुमारे ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप होतं. म्हणजे भांड्यात साबण, मीठ, वास, जे काही राहिलं असेल आणि वाफेबरोबर उडून जात नसेल, ते चाळीसपट होऊन बाटलीत उतरतं. म्हणून "जास्त साबण लावा" हेही उत्तर नाही. घासायचं ब्रशने आणि कढत पाण्याने. बादल्यांना साबण लावायचाच तर बिनवासाचा, तोही हंगाम संपल्यावर, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

बिनधास्त_वामन

आमच्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. पण एक सांगा, कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहील कोण निर्जंतुक करतं? तिथला गूळ चालतो ना तुम्हाला? इथे ओंटारियोत चार झाडांना टॅप (रस काढायची तोटी) लावले की लोकांना एकदम ऑपरेशन थिएटर आठवतं. अहो, रस म्हणजे पाणीच की हो, ९८ टक्के.

काहील

वामनराव, उदाहरण तुम्ही दिलंत आणि ते तुमच्यावरच उलटलंय. गुऱ्हाळात चरकातून निघालेला रस थोड्याच वेळात काहिलीत चढतो. साठवत कुणी नाही. मेपलचा रस तुम्ही चार-चार दिवस गोळा करता आणि शनिवारी उकळता. आणि तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला तर काय होतं ते कुठल्याही गुळव्याला विचारा. साखर फुटते, गूळ नीट धरत नाही, मऊ पडतो, काळा होतो. वर पानगळ यांनी सांगितलं ते हेच.

रस ४ अंशांच्या खाली ठेवा, बादल्या सावलीत बर्फात रोवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच उकळा. गढूळ दिसायला लागला की समजायचं वेळ गेली. तारा सुटायला लागल्या तर ओतूनच द्या.

बिनधास्त_वामन

बरं. ऊस हरला. पुढे?

सुगरण_मॉन्ट्रियल

मी पूर्णपणे पानगळ यांच्या बाजूने. इतका विचार कशाला करायचा, सगळ्याला ब्लीच मारायचं. बादल्या, टॅप, नळ्या, पॅन, सगळं एका टबात, कपभर ब्लीच. पॅनला पांढरा थर असेल तर त्याच टबात व्हिनेगरही ओतायचं, एका दमात दोन्ही कामं.

बर्लिंग्टनचा_बाळ्या

ताई, ही शेवटची ओळ आधी काढा. हात जोडून सांगतोय. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद गॅरेजमध्ये टबावर वाकून कुणी हे केलं तर थेट इस्पितळ. कुठलंही आम्ल आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच टबात आणायचं नाही, मध्ये पाण्याने धुतलं असलं तरी.

आता बाकीचं. "कपभर" हे माप नव्हे. ५.२५ टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच असेल तर लिटरभर पाण्याला ४ मिली, म्हणजे साधारण २०० पीपीएम (दहा लाखात २०० भाग). घट्ट, ८.२५ टक्क्यांचं असेल तर अडीच मिली. दोन मिनिटं भिजवा, मग तीन वेळा पाण्याने धुवा, उलटं ठेवून वाळवा. जुन्या पुस्तकांत एकास वीस हे प्रमाण सापडतं. ते २,५०० पीपीएमच्या आसपास जातं, म्हणजे बारापट. आणि घासलेल्या भांड्यालाच ब्लीच लागू पडतं. बुळबुळीवर ओतलं तर बुळबुळच ते खाऊन टाकते.

पॅनला तर ब्लीच नकोच. क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला बारीक भोकं पडतात. त्याच कारणाने टॉयलेट साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्लही नको. रसातलं पाणी कमी करायला कुणाकडे घरगुती आरओ असेल तर त्याच्या मेम्ब्रेनला क्लोरीनचा थेंब लागू देऊ नका, कायमची जाते.

सुगरण_मॉन्ट्रियल

ओळ काढली. पण सुरात एवढं तिखट घालायची गरज नव्हती. आता नळ्यांनाही ब्लीच नको म्हणणार असाल तर काय करायचं तेही सांगा ना. इकडे क्वेबेकमध्ये मोठे लोक हंगाम संपला की नळ्यांत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडतात आणि पुढच्या वर्षी सुरुवातीचा रस ओतून देतात. ते चालतं, माझं ब्लीच चालत नाही?

बर्लिंग्टनचा_बाळ्या

तिखट वायूचं होतं, माझं नाही.

नळ्यांत ब्लीच सोडलं की आत मिठाचा अंश राहतो आणि खारी तो हुंगून नळ्या कुरतडतात. उन्हाळाभर झाडावर राहिलेली नळी मार्चमध्ये चाळणी होऊन मिळते. अल्कोहोलने ती भानगड होत नाही. पण अमेरिकेत त्याचे नियम कॅनडासारखे नाहीत, आपल्या भागात काय चालतं ते आधी बघा. आणि पहिला रस टाकायचा म्हणजे टाकायचाच, "थोडासा वास येतोय, उकळल्यावर जाईल" नाही.

पानगळ

टॅपचा मुद्दा राहून जातोय. बाकी काही नाही जमलं तर निदान प्लास्टिकचे टॅप दरवर्षी नवे घ्या. जुन्या टॅपमधले जंतू भोकात शिरतात, झाड ते भोक आतून बंद करायला लागतं आणि ऐन हंगामात रस आटतो. व्हर्मॉंटच्या अंडरहिलमधल्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राने याच्यावर बरंच काम केलंय, उलटा रस अडवणारे झडपेचे टॅप तिथलेच.

बिनधास्त_वामन

आता सापडलात! ते संशोधन व्हॅक्यूम पंप लावलेल्या नळ्यांवरचं. पंप थांबला की रस उलटा झाडात ओढला जातो, म्हणून टॅपची स्वच्छता तिथे महत्त्वाची. बादली टांगणाऱ्याला उलटा रस कुठून येणार? बादलीवाल्याला नव्या टॅपने फारसा फरक पडत नाही. अर्धी गोष्ट सांगून घाबरवू नका.

पानगळ

बरोबर आहे. बादलीत फरक कमी पडतो. शून्य नाही. तुमचे टॅप धातूचे असतील तर पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा, नवे घेऊ नका, आनंद आहे. भोक मात्र स्वच्छ, धारदार ड्रिलनेच पाडा, ५/१६ इंच रुंद, दीड इंच खोल. आतला भुसा काढायला तोंडाने फुंकर मारू नका आणि भोकात काहीही फवारू नका.

गूळपोळी

मधेच विचारते, माफ करा. फेस बसवायला पॅनमध्ये लोणी टाकतात असं वाचलं. मग ते दुधाचं झालं ना? आणि बाजारच्या सिरपमध्ये काय असतं? आमच्याकडे सासूबाई एकादशीला फळांवर मेपल सिरप घेतात.

काहील

फेस बसवायला स्निग्ध काहीही चालतं. लोणी, साय, तेल. गुऱ्हाळातही काहिलीत तेलाचा थेंब सोडतातच. आणि सासूबाईंना सांगू नका, पण पूर्वी इकडचे शेतकरी पॅनवर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगत. फेस चढला की चरबीला लागायचा आणि बसायचा.

गूळपोळी

अरे देवा.

तर्कटराव

काहील, हे लिहिलंच पाहिजे होतं का? सेंद्रिय शिक्का असलेलं घ्या, ते बहुधा वनस्पती तेल वापरतात. कोशर (ज्यूंच्या आहारनियमांचा) शिक्का असेल तर डुकराची चरबी नक्की नाही. उपवासाचं म्हणाल तर झाडाचा रस आहे, धान्य नाही, चालायला हरकत नसावी.

बिनधास्त_वामन

साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, मग कॅनडाच्या झाडाने काय घोडं मारलंय?

सुगरण_मॉन्ट्रियल

एकादशीला तेल कुठलं ते बघावं लागतं. आमच्याकडे शेंगदाण्याचंच चालतं, सूर्यफुलाचं नाही.

तर्कटराव

शेंगदाण्याचं कृपा करून नको. सिरप शेजाऱ्यांना वाटणार असाल तर शेंगदाण्याची ॲलर्जी इकडे कितीजणांना असते! लोण्याचंही तेच, दुधाची ॲलर्जी. साजूक तूप त्यातल्या त्यात बरं, कण नसल्यामुळे करपत नाही, पण दुधाचा अंश त्यातही राहतोच. बाटलीवर लिहा.

काहील

एका थेंबासाठी बाटलीवर लेबल? उद्या झाडावरही लावा, "यात झाड आहे".

तर्कटराव

ज्याचा घसा सुजतो त्याला थेंब पुरतो. विनोद जमला नाही.

गूळपोळी

मग मी काय घालू? कुणी सरळ सांगेल का?

पानगळ

ताई, सूर्यफुलाचं ताजं तेल, एक थेंब, फेस चढेल तेव्हाच. एकादशीचं तुमचं तुम्ही बघा.

आणि आता तेलावर आलाच आहात, तर मूळ विषयात ते बसतंच. पॅनवर दोन वेगळ्या जातींचा मळ असतो. एक तेलकट पट्टा, रसाच्या पातळीला कडेकडेने, बोटाला चिकट. तो पुढच्या वर्षीपर्यंत खवट होतो आणि पहिल्याच सिरपला जुन्या तळणाचा वास देतो. त्याला धुण्याचा सोडा लागतो, चार लिटर कढत पाण्याला एक मोठा चमचा. दुसरा म्हणजे तळाची शुगर सँड, रस आटताना बसणारा वाळूसारखा थर, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. सोड्याने ती ढिम्म हलत नाही, तिला आम्ल लागतं. पांढरं ५ टक्क्यांचं व्हिनेगर, निम्मं पाणी, सोसवेल इतकं गरम करून रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडी उलथन्याने काढा. क्रम तेल आधी, वाळू नंतर. तेलाचा थर असेल तर आम्ल खाली पोचतच नाही. तारेची घासणी नको, तिचे कण रुततात आणि स्टीलवर गंज दिसतो.

बिनधास्त_वामन

विकतचं काही नको. हंगामाचा शेवटचा रस पॅनमध्ये ठेवून द्यायचा, आंबतो, आंबट होतो, थर आपोआप सुटतो. जुने लोक हेच करायचे. फुकट.

बर्लिंग्टनचा_बाळ्या

हे खरं आहे. वामनरावांचं एक तरी खरं निघालं. फक्त झाकून ठेवा, नाहीतर त्यात माशांची वसाहत होते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका. ज्यांचा पॅन ॲल्युमिनियमचा आहे, टर्की तळायच्या पातेल्यासारखा, त्यांनी यातलं काहीच करू नका, सोडाही नाही. आम्ल आणि सोडा दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. त्याला गरम पाणी आणि मऊ स्पंज.

जुन्या बाजारातून टीनच्या सुंदर बादल्या आणणाऱ्यांसाठी: सांध्यावर राखाडी डाग देऊन जोडलेल्या असतील तर त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. कितीही घासा, स्वच्छ होणार नाहीत. कुंड्या करा. लोणच्याच्या प्लास्टिकच्या बादल्याही नकोत, त्यांचा लसणीचा वास कशानेही जात नाही.

सुगरण_मॉन्ट्रियल

गाळायचं फेल्टचं कापड वॉशिंग मशीनमध्ये टाकलं तर? नाजूक सायकलवर? बिनवासाच्या पावडरीत?

पानगळ

नाही, ताई. नाही. साबण त्या धाग्यांत बसतो तो बसतोच, पुढचं प्रत्येक सिरप साबणाचं लागतं. गाळून झालं की लगेच उलटं करून कढत पाण्याखाली धरायचं, पाणी नितळ येईपर्यंत. पिळायचं नाही, धागे तुटतात आणि मग वाळू आरपार जाते. पूर्ण वाळवून ठेवा, आणि कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या कपाटात नाही. नवीन असेल तर वापरण्याआधी साध्या पाण्यात उकळा. आत कागदाचा पातळ गाळणा घातलात तर फेल्ट कमी चोंदतं. तेल जास्त पडलं असेल तर मात्र दोन्ही चोंदणार.

तर्कटराव

हायड्रोमीटरही (सिरपची घनता मोजायचं तरंगतं साधन) धुवा. त्याच्यावर सुकलेलं सिरप किंवा वाळूचा पापुद्रा राहिला की तो जड होतो, जास्त बुडतो आणि घनता कमी दाखवतो. तुम्ही आणखी आटवता आणि बाटलीच्या तळाला खडीसाखर धरते. व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवला की साफ.

बिनधास्त_वामन

माझं सिरप ६६ ब्रिक्सच्या (म्हणजे ६६ टक्के साखरेच्या) थोडं खाली राहिलं तरी बिघडत नाही, पातळ आवडतं घरात.

तर्कटराव

आवडू दे. मग फ्रिजमध्ये ठेवा. ६६ च्या खाली बुरशी धरते, बाटली कितीही घासली असली तरी. भरताना सिरप ८२ ते ८५ अंशांवर हवं, झाकण लावून बाटली मिनिटभर आडवी करायची म्हणजे झाकणही भाजून निघतं. ९० च्या पुढे नेलंत तर बाटलीत नवी वाळू बसते आणि मग इथे येऊन "गाळलं होतं तरी गढूळ" म्हणून धागा काढाल.

बिनधास्त_वामन

ठीक आहे. बादल्या ब्रशने घासतो, फेल्टला साबण लावत नाही, रस चार दिवस ठेवत नाही. ब्लीच घरात आणणार नाही म्हणजे नाही.

पानगळ

बादलीला आणू नका, चालेल. कढत पाणी, ८० अंशांच्या वर, दोन मिनिटं बादलीत भरून ठेवा. पण बादली तळाला २ नंबरचा त्रिकोण (एचडीपीई प्लास्टिकची खूण) असलेली, खाद्यपदार्थांसाठीची असली पाहिजे. रंगाच्या दुकानातली असेल तर ती आधी बदला.