पूर्ण ट्रायथलॉन: सायकलवर पोट दगा देतं, तयारी कशी करू?

प्रश्न

अठरा आठवड्यांनी माझी पहिली पूर्ण अंतराची शर्यत आहे. 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल, 42.2 किमी धावणं. मुदत एकूण 17 तास, आणि शर्यतीच्या सुरुवातीपासून 10 तास 30 मिनिटांच्या आत सायकल संपायला हवी. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा-अकरा तास सराव होतो.

गेल्या महिन्यात अर्धं अंतर केलं. सायकलचे 90 किमी 3 तास 40 मिनिटांत झाले. पहिले दोन तास भूकच नव्हती, म्हणून नुसतं पाणी पीत राहिले. मग पाय जड पडले, घाबरून वीस मिनिटांत तीन एनर्जी जेल (ऊर्जेसाठीची घट्ट, गोड पाकिटं) घेतली. धावायला लागले आणि पाचव्या किलोमीटरला उलटी. पुढचं बरंचसं अंतर चालत काढलं. दमछाक अशी झालीच नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटतं. आता लांब सायकलिंग वाढवू, की चुकतंय दुसरीकडेच?

प्रतिसाद 1

दुसरीकडेच. माझ्या पहिल्या शर्यतीत मीही हेच भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका जेलमध्ये साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे तुम्ही दोन तास काहीच घेतलं नाही आणि मग वीस मिनिटांत 75 ग्रॅम. जोर लावत असताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला थोडंच येतं. घट्ट गोड जेल तिथेच साचून राहतं.

आतड्यालाही सराव लागतो. दर आठवड्याच्या लांब सायकलीला ताशी 40 ग्रॅमपासून सुरू करा, दोन-तीन आठवड्यांनी दहा-दहाने वाढवा. साठच्या पुढे जाताना ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज (फळांतली साखर) हवं, दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावा आणि भूक असो-नसो, घ्या. पोहून आल्यावर पहिला गजर होईपर्यंत मात्र पाण्याचे घोट पुरेत, पोट आधी स्थिरावू दे.

आता वेग. पोहायला 1 तास 50 मिनिटं आणि कपडे बदलायला दहा मिनिटं धरली, तरी सायकलला साडेआठ तास उरतात. अर्ध्या शर्यतीत तुमचा वेग ताशी साडेचोवीस होता. इथे साडेबावीसने गेलात तर आठ तासांत उतराल, पंक्चरसाठी अर्धा तास हाताशी. हा सोडलेला वेग पोटाच्या कामी येतो. मग मॅरेथॉनला सात तास आहेत, म्हणजे जवळपास भरभर चालण्याचा वेग. कृपा करून सायकलवर कुणाशी चुरस लावू नका.

प्रतिसाद 2

पाण्याचं राहिलं. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. 700 ग्रॅम घटलं आणि मधे 500 मिली प्यायलात, तर घाम 1.2 लिटर. उन्हात आणि ढगाळ दिवशी आकडे वेगळे येतील. पण सगळा घाम भरून काढायचा हट्ट नको. पाणी गरजेपेक्षा जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखीपासून सुरू होऊन ते जिवावर बेतू शकतं. लांब सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं, तर जास्त प्यायलात.

प्रतिसाद 3

खुल्या पाण्यात सराव करताय ना? दर आठ-दहा हातांनी नजर वर काढून बोया (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) पाहायची सवय नसेल तर 3.8 चे सहज चार किमी होतात. आणि वरचा 1 तास 50 मिनिटांचा हिशेब तिथेच बिघडतो.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. रविवारी करून पाहिलं. चार तास सायकल, ताशी 40 ग्रॅम, गजर लावून. तिसऱ्या तासाला घास नकोसा झाला, वेग थोडा सोडला तसा गिळता आला. उतरून लगेच अर्धा तास धावले. पोट हललं नाही. वजन दोन वेळा करून पाहिलंय, घाम तासाला लिटरच्या आसपास. बोयांचा सराव मात्र शून्य, या शनिवारपासून जलतरण तलाव सोडून खुल्या पाण्यात, सोबत कुणीतरी घेऊन.