पार्किंग हीटर चार मिनिटांत बंद पडतो : कूलंटचा प्रवाह कमी आहे का?

नेकारकाठ
नमस्कार. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. माझ्या जुन्या डिझेल व्हॅनमध्ये 5 किलोवॅटचा पार्किंग हीटर आहे, म्हणजे इंजिन बंद असतानाही डिझेल जाळून कूलंट (इंजिनात फिरणारे थंडाव्याचे द्रव) तापवणारा. गाडी उघड्यावर उभी असते आणि विनाकारण इंजिन चालू ठेवायला इथे कायद्याने मनाई असल्यामुळे थंडीत सगळी भिस्त या हीटरवरच असते. ऑक्टोबरमध्ये इंजिनाचा वॉटर पंप आणि कूलंट बदलून घेतले, तेव्हापासून हीटर व्यवस्थित पेट घेतो, पण चार मिनिटांत बंद पडतो आणि तपासणीत अतितापाचा दोष दिसतो. काचेवरचा बर्फ जसाच्या तसा राहतो. गॅरेजवाले संपूर्ण हीटर बदलायला सांगत आहेत. तो खर्च खरोखरच आवश्यक आहे का?

पाना_दहा_बारा
मुळीच नाही. हीटर पेट घेतो, याचा अर्थ डिझेल, ग्लो प्लग (ज्योत पेटवणारा तापता भाग) आणि पंखा यांची तक्रार नाही. निर्माण झालेली उष्णता वाहून नेणारे कूलंट फिरत नाही, म्हणून सेन्सर ज्योत विझवतो. माझ्या मते हीटरचा छोटा इलेक्ट्रिक पंप गेला असावा. उन्हाळाभर न वापरल्यास तो अडकून बसतो.

सावकाश_मेकॅनिक
पंप विकत घेण्याआधी पाच मिनिटे हाताने तपासा, अशी माझी विनंती आहे. हीटर सुरू केल्यावर पंपावर बोट ठेवा आणि तो थरथरतो का ते पाहा. थरथरत नसेल तर फ्यूज आणि प्लगमधले व्होल्टेज मोजा. त्यानंतर हीटरमध्ये जाणारा आणि त्यातून येणारा, असे दोन्ही होज चाचपून पाहा. बाहेरचा होज चटका देणारा आणि आतला थंडगार असेल, तर कूलंट जागच्या जागी उकळू पाहत आहे.

थोडा हिशोबही करता येतो. तासाला साधारण 500 लिटर कूलंट फिरत असेल, तर पूर्ण 5 किलोवॅटवर दोन्ही होजच्या तापमानात सुमारे 10 अंशांचा फरक पडतो. प्रवाह निम्मा झाला की हाच फरक 20 अंशांवर जातो. हा पंप सेंट्रिफ्युगल (चाक फिरवून द्रव बाहेर फेकणारा) असल्यामुळे त्यात हवा शिरली की तो नुसता फिरत राहतो, कूलंट ढकलत नाही. तुमचे कूलंट नुकतेच बदलले आहे, तेव्हा माझा पहिला संशय हवेवर आहे. वारंवार चालू करून पाहू नका, कारण लागोपाठ अतिताप झाल्यास हीटर स्वतःला लॉक करून घेतो. बंदिस्त गॅरेजात तर तो अजिबात लावू नका, त्याचा धूर विषारी असतो.

नेकारकाठ
आपण म्हणालात तसेच निघाले. पंप थरथरत होता, बाहेरच्या होजला हात लावता येत नव्हता, आतला बर्फासारखा होता, आणि डॅशबोर्डमागून माठात पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज येत होता. इंजिन पूर्ण थंड असताना गाडी चढावर, तोंड वर करून उभी केली, कूलंटच्या टाकीचे झाकण उघडले, केबिन हीटर सर्वांत गरम ठेवला आणि लॅपटॉपवरून फक्त पंप चालवला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले आणि जवळजवळ एक लिटर कूलंट आत गेले. आता हीटर बंद पडत नाही. मात्र पूर्ण ताकदीवर फरक 22 अंश आहे.

सावकाश_मेकॅनिक
म्हणजे अजून कुठेतरी अडथळा आहे. एक्स्चेंजरमध्ये (हीटरच्या ज्या भागात ज्योतीची उष्णता कूलंटला मिळते त्यात) गाळ असू शकतो, विशेषतः न जुळणारी दोन कूलंट मिसळली गेली असतील तर; पण त्याआधी वॉटर पंपाच्या कामात हलवलेले होज आरशाने आणि टॉर्चने पाहा.

नेकारकाठ
सापडले! पंपाकडे जाणारा होज ब्रॅकेटच्या मागे चुकीच्या बाजूने बसवला होता आणि वळणावर बोटाएवढी घडी पडली होती. तो मोकळा करून पुन्हा हवा काढली. आज पहाटे उणे 6 अंशांत फरक 11 अंश मोजला, आणि अर्ध्या तासात काच स्वच्छ झाली.

पाना_दहा_बारा
पंपाबद्दलचा माझा अंदाज चुकला, हे मान्य. आठवडाभराने थंड इंजिनावर कूलंटची पातळी मात्र पुन्हा पाहा. उरलीसुरली हवा तोवर वर येते.